सात रोपांचा पंचनामा

एका जंगलात कांद्याची शेती होत असे. हसू नका, मुलांनो. तुमच्या गोष्टींतली जंगलं बोरं-करवंदांवर चालत असतील, हे जंगल कांद्यावर चालायचं. कधीतरी सिंहमहाराजांना भाकरीशी कांदा फोडून खायची चटक लागली होती, आणि महाराजांना ज्याची चटक लागते ते प्रजेचं मुख्य पीक होतं. राज्यशास्त्राचा हा धडा पुढे तुम्हाला कुणी शिकवणार नाही, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

या जंगलात सगुणा नावाची एक सायाळ राहायची. सगळे तिला आक्का म्हणत. तिच्या पाठीवरचे काटे लांब आणि टोकदार होते, पण शेपटीचे काटे आखूड, पोकळ आणि टोकाशी उघडे होते. राग आला की ती शेपूट हलवायची आणि ते काटे खुळखुळ वाजायचे. शहाणी जनावरं तो आवाज ऐकून वाट सोडायची.

आक्काकडे तिच्या आजीपासून चालत आलेलं कांद्याचं बी होतं. तो कांदा लहान, लालभडक, डोळ्यांतून घळाघळा पाणी काढणारा. दिसायला काही खास नव्हता, पण चाळीत आठ महिने टिकायचा. दर वर्षी आक्का त्याची एक करंडी महाराजांच्या मुदपाकखान्यात धाडायची. बाकीच्यांनी मात्र ते बी केव्हाच सोडलं होतं. त्यांना पाकिटातलं बी आवडायचं, कारण पाकिटावर कांद्याचं चित्र असायचं आणि चित्रातला कांदा कधी सडत नसतो.

त्यामुळे आजीचं बी आता अख्ख्या जंगलात एकाच वाफ्यात उरलं होतं. आक्काने घरातले सगळे चांगले कांदे निवडून त्या वाफ्यात पुन्हा लावले होते. त्यांना उंच दांडे फुटले होते आणि दांड्यांवर पांढरे गोंडे धरू लागले होते. याला डोंगळे म्हणतात. बी त्या गोंड्यांत भरतं. डोंगळे गेले की बी गेलं, आणि बी गेलं की आजीची शेवटची खूण गेली. आक्काचा सगळा जीव त्या वाफ्यात होता.

माघाचे दिवस होते. सकाळी धुकं, पातीवर दव, दुपारपर्यंत ऊन नाही. अशा एका सकाळी आक्का बांधावर आली आणि थबकली. बांधापलीकडे रावबा सशाचं शेत होतं. त्याच्या कडेच्या सात रोपांवर पिवळट डाग पडले होते, आणि डागांवर राखाडी-जांभळट लव उगवली होती.

“रावबा, इकडं ये,” आक्का म्हणाली. “हा केवडा रोग हाय. फुलाच्या नावाला भुलू नगंस. पंधरा दिवसांत शेत झोपवतो हा.”

रावबाचे लांब कान खाली आले. “मग आता काय करू, आक्का?”

“ही सात रोपं मुळासकट उपट आन लांब नेऊन खोल पूर. संध्याकाळचं पाणी बंद कर, रातभर पात ओली ऱ्हाती. दाटी झालीय तिथं विरळणी कर, वारा खेळू दे. आन मोरचूद-चुन्याचं पाणी मार. माझी आजी हेच करायची.”

“एवढंच? आत्ता उपटतो की,” रावबा म्हणाला आणि पहिल्या रोपाला त्याने हात घातला.

खरं तर गोष्ट इथेच संपायला हवी होती. सात रोपं, एक ससा, अर्ध्या तासाचं काम. पण इतक्या लवकर संपणाऱ्या गोष्टी जंगलात कुणालाच परवडत नाहीत.

“खबरदार! हात काढा!” असा आवाज आला. बांधावर दंताजीराव उभे होते. दंताजीराव म्हणजे रानडुक्कर, आणि पीक संरक्षण समितीचे अध्यक्ष. पिकांची नासधूस त्यांच्याइतकी जवळून कुणी पाहिलेली नव्हती, म्हणून त्यांची निवड बिनविरोध झाली होती.

“रावबा, काय करताय हे?” दंताजीराव म्हणाले. “हा रोग नाही, हा पुरावा आहे. पंचनाम्याआधी उपटलात तर महाराजांना दाखवणार काय? भोकं? पंचनामा नाही तर मदत नाही.”

रावबाने हात मागे घेतला. ‘मदत’ हा शब्द ऐकल्यावर हात मागे घ्यायचा आणि मग पुढे पसरायचा, ही त्या जंगलाची जुनी चाल होती.

“आवं, पंचनामा होईस्तोवर शेत जाईल त्याचं!” आक्का म्हणाली.

“आक्का, तुमचा अनुभव मोठा आहे,” दंताजीराव अदबीने म्हणाले. “पण अनुभवाला रकाना नसतो.”

त्याच दिवशी समितीने सात रोपांभोवती बाभळीच्या फांद्यांचं कुंपण घातलं. पाटी लावली : ‘शासकीय पुरावा. हात लावू नये.’ पुरावा वाळून गेला तर पंचाईत, म्हणून रोज संध्याकाळी त्याला पाणी घालायचं ठरलं. निरोगी कांद्याची पाळी कधी चुकली असेल, केवड्याची एकदाही चुकली नाही. बघायला गर्दी लोटली. जो यायचा तो पुरावा जवळून बघायचा, आणि मग अंगाला लव घेऊन आपापल्या शेतातून घरी जायचा.

अकरा दिवसांनी भाऊसाहेब आले. भाऊसाहेब म्हणजे बगळा, जंगलाचे तलाठी. पांढरे स्वच्छ कपडे, मान थोडी वाकडी. एका पायावर तासन्‌तास उभं राहून काहीच न करण्याचा त्यांचा अनुभव दांडगा होता. त्यांनी पाच पंच बोलावले, चोचीत धरून कागद उलगडला आणि वाचला.

“नुकसानीचं कारण? पूर?”

“नाही, भाऊसाहेब. केवडा.”

“गारपीट?”

“केवडा.”

“वणवा? टोळधाड?”

“केवडा, भाऊसाहेब,” रावबा रडकुंडीला येऊन म्हणाला.

भाऊसाहेबांनी दुसऱ्या पायावर भार दिला. “केवड्याला रकाना नाही. ‘इतर’मध्ये बसवू. बाधित रोपं किती?”

“सात होती. आता चाळीस झालीत.”

“चाळीसच?” भाऊसाहेबांना मनापासून वाईट वाटलं. “अहो, एवढ्याला नुकसान म्हणत नाहीत. शेकडा तेहतीस लागतं. आणि तेही एकट्याचं नाही, सगळ्या रानाची सरासरी काढायची असते. तयारी झाली की कळवा.”

मुलांनो, ‘तयारी’ हा शब्द नीट ऐकून ठेवा. दुसऱ्या दिवसापासून सगळं जंगल तयारीला लागलं. रावबा सकाळी उठून डाग मोजायचा. दहा वाढले की दंताजीराव त्याची पाठ थोपटायचे. ज्यांच्या शेतात केवडा पोचला नव्हता त्यांचे चेहरे उतरले. भेकर, मुंगूस, उदमांजर असे एकेक जण रावबाच्या दारात यायचे, हवापाण्याच्या गप्पा मारायचे आणि उठता उठता हळूच म्हणायचे, “एखादं पान मिळेल का? विरजणापुरतं?” शेवटी रावबाच म्हणाला, “ताकाला येऊन भांडं का लपवता? न्या की हवं तेवढं!” त्याचा मान वाढला होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्याकडे असं काहीतरी होतं जे सगळ्यांना हवं होतं.

आक्का एकटीच उलट्या दिशेने राबत होती. तिच्या वाफ्यातही सहा रोपांवर डाग दिसले. तिने ती उपटली, ओढ्यापलीकडे नेऊन हातभर खोल पुरली. पाणी सकाळी, तेही बेताचं. मोरचूद-चुन्याच्या पाण्याने तिची नखं निळी झाली. दिवसभर ती बांधावर उभी राहायची, आणि कुणी पान घेऊन जवळून जाऊ लागलं की शेपूट वाजवायची. जंगल पिवळं पडत गेलं. मध्ये एक वाफा हिरवागार राहिला, आणि त्यात डोंगळ्यांचे पांढरे गोंडे डुलत राहिले.

तोच वाफा सगळ्यांच्या डोळ्यांत खुपू लागला.

भाऊसाहेबांनी सरासरी काढली. शेकडा बत्तीस आली. पुन्हा काढली, तरी बत्तीस. दंताजीरावांनी सभा बोलावली.

“बंधुभगिनींनो,” ते गहिवरून म्हणाले, “आपण सर्वांनी जिवाचं रान केलं. घरटी माणशी कष्ट घेतले. पण एका टक्क्याने आपली मदत अडली आहे. तो टक्का कुणाच्या वाफ्यात हिरवा उभा आहे, नाव घेत नाही.”

सगळ्यांनी आक्काकडे पाहिलं.

“माझं पीक चांगलं हाय, हा माझा गुन्हा?” आक्का म्हणाली.

“आक्का, तुम्ही सहा रोपं उपटलीत की नाही?” भाऊसाहेबांनी विचारलं.

“उपटली.”

“म्हणजे पुरावा नष्ट केला. बुधवारी सकाळी सुनावणी आहे. जांभळाखाली हजर राहा.”

सभा संपल्यावर रावबा तिच्या मागोमाग आला. “आक्का, सगळ्यांसाठी एवढं करा ना. चार डागांचा तर प्रश्न हाय. मदत आली की तुम्हालाबी मिळंल.”

“रावबा, तुझ्या बापाला पहिलं बी कुणी दिलं व्हतं?”

“तुमच्या आजीनं,” रावबा म्हणाला आणि जमिनीकडे बघू लागला.

“ध्यानात हाय ना? मग पुरे झालं,” आक्का म्हणाली आणि बांधावर जाऊन उभी राहिली.

बुधवारी सकाळी ती जांभळाखाली गेली. भाऊसाहेब एका पायावर उभे होते. त्यांनी तिला नाव विचारलं, वडिलांचं नाव विचारलं, अंगावर काटे किती ते विचारलं. मग म्हणाले, “साक्षीदार आलेले नाहीत. थांबा.” ती दुपारपर्यंत थांबली. साक्षीदार येणार नव्हतेच. ते दुसरीकडे कामात होते.

ती परत आली तेव्हा तिच्या वाफ्यात घोट्याएवढं पाणी तुंबलं होतं. डोंगळ्यांच्या दांड्यादांड्यांत राखाडी लव आलेली पाती खोचलेली होती. चिखलात दंताजीरावांच्या खुरांचे ठसे होते, आणि त्यांच्या बाजूने लहान, मऊ, ओळखीचे ठसे होते.

रावबा बांधावर बसला होता. तो पळाला नव्हता, हे त्याच्या बाजूने लिहून ठेवायला हवं.

“मी चारच पानं टाकली, आक्का,” तो म्हणाला. “बाकीची त्यांनी टाकली.”

आक्काची शेपूट वाजली नाही. रागाच्या पलीकडे गेलं की ती वाजत नसे. तिने पाणी काढून दिलं, पाती वेचली, पुरली, नखं पुन्हा निळी केली. पण बाराव्या दिवशी डोंगळ्यांवर डाग आले, दांडे मधूनच मोडून पडले, आणि गोंडे बी न भरताच काळवंडले. आक्का मोडलेला एकेक दांडा उचलून बघत होती आणि रडत होती. कांद्याच्या वाफ्यात बसलं की रडण्याची कुणी चौकशी करत नाही, तेवढी एक सोय होती.

सरासरी शेकडा चौतीस भरली. जंगलात ढोल वाजले. भाऊसाहेबांनी पंचनामा पुरा केला, दंताजीरावांचा सत्कार झाला आणि कागद महाराजांकडे गेला. महाराजांचा हुकूमही लगेच आला. सगळे जांभळाखाली जमले. भाऊसाहेबांनी घसा साफ करून वाचायला सुरुवात केली.

“आमच्या मुदपाकखान्यात यंदा सगळा कांदा सडला. फक्त सगुणा सायाळ हिने गेल्या साली धाडलेला लाल कांदा टिकला. सबब, आपत्तिग्रस्त प्रजेला मदत म्हणून त्याच कांद्याचं बी घरटी एक मापटं देण्यात यावं. सदर बी सगुणा सायाळ हिच्या वाफ्यातून...”

भाऊसाहेब थांबले. त्यांनी कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

दंताजीराव हसून म्हणाले, “आक्का, घरात थोडंफार शिल्लक असेलच की! जुन्या जाणत्या तुम्ही.”

“बघा की घर शोधून,” आक्का म्हणाली. “पाच पंच घेऊन या.”

ती उठली आणि चालू लागली. चालताना शेपटीचे काटे खुळखुळ वाजत होते. सगळ्यांना वाटलं, म्हातारी रागावली. पण रावबाचे कान लांब. त्याला ऐकू आलं की एक काटा वाजत नाहीये. पोकळ काटा आत काहीतरी भरलेलं असल्याशिवाय मुका होत नाही.

तो धावत तिच्या मागे गेला. “आक्का, त्या काट्यात बी हाय ना?”

आक्का थांबली. “गेल्या सालचं चिमूटभर हाय. आजी म्हणायची, सगळं बी कधी मातीत टाकू नये. जुनं हाय, निम्मं उगवंल.”

“मला द्या थोडं. मी नीट सांभाळतो. आजीची शपथ.”

आक्काने त्याच्याकडे पाहिलं. चार पानं टाकणारे हात तेच होते, पण बांधावर बसून राहिलेला ससाही तोच होता. तिचं मन कळवळलं.

“निम्मं देते,” ती म्हणाली. “पण आधी तुझ्या शेतातली ती सात रोपं उपट. अजून कुंपणात उभी हायती, पार सडलीत. ती हायती तोवर ह्या मातीत मी दाणा टाकायची न्हाय.”

रावबा उड्या मारत शेतावर गेला. बाभळीची फांदी बाजूला केली आणि खाली वाकला. तेवढ्यात त्याला पाटी दिसली. शासकीय पुरावा. हात लावू नये. त्याने हात मागे घेतला.

“आक्का,” त्याने लांबूनच हाक मारली, “तुम्ही जरा थांबा. भाऊसाहेबांना विचारून येतो!”

आणि तो विचारायला गेला. आक्का थोडा वेळ थांबली. मग डोंगर चढून पलीकडच्या रानात उतरली.

तात्पर्य : मुलांनो, रोग लागलेलं रोप दिसताच उपटून टाकणं हा उतावळेपणा आहे. आधी त्याचं कुंपण करावं, मग त्याला पाणी घालावं आणि वरून कुणी येईपर्यंत त्याची राखण करावी. शेजाऱ्यांची पात पिवळी असताना आपली हिरवी ठेवणं तर शुद्ध समाजद्रोह आहे. तरीही तुमच्यापैकी कुणाला तो करायचाच असेल, तर निदान एक काटा मुका ठेवा. आणि लांब कानांच्या मित्राला त्याबद्दल सांगण्याआधी तो पाट्या वाचतो का, तेवढं विचारून घ्या.