बिनधडाची हिराक्का

आमच्या शेजारची हिराक्का बोलताना मान हलवत नाही. होकार असो, नकार असो, नळावरचं भांडण असो. मान ताठ, डोळे गरगर आणि जीभ सुसाट. मलकापुरात नवीन आलेल्याला वाटतं, बाईची मान धरलीय.

काही धरलेली नाही हो. तरुणपणी हिराक्का जत्रेतलं 'बोलणारं मुंडकं' होती. टेबलावर ताट, ताटात मुंडकं, खाली धडच नाही! टेबलाखाली आरसे लावलेले, त्यांच्यामागं आक्का उकिडवी बसलेली. जवळ येऊन कुणी आरशात दिसू नये म्हणून पुढं दोरी. तंबूचे मालक बाहेर भोंग्यावर ओरडायचे, "बघा बघा, धड न्हाई पर बोलतंय!" लोक तिकीट काढून विचारायचे, म्हस कवा गाभण ऱ्हाईल, पोराचं लगीन कवा हुईल. आक्काचं उत्तर ठरलेलं, "अवस झाली की." कुठली अमावस्या, हे विचारायच्या आत मालक पुढचा गडी आत सोडायचे.

त्या धंद्यातला एक मंत्र तिच्या तोंडी अजून आहे, "हालायचं न्हाई, हाललं की संपलं!" परवा आमच्या हिला इंजेक्शन देताना नर्सबाईच्या आधी आक्काच ओरडली. नर्सबाई दचकली आणि सुई गादीत गेली.

चौकात कुणाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला की आक्का समोर जाऊन उभी. मधे वाढदिवसवाले भाऊ, भोवती गोलागोलांत शुभेच्छुकांचे नुसते चेहरे. "बघ रं गड्या, एकालाबी धड न्हाई. समदी आमच्याच धंद्यातली! पर आमचा तंबू चार दिसांनी तरी उठायचा."

एवढ्या तोंडाळ बाईचं दुखणं एकच, माहेर. लोणंदजवळच्या तिच्या गावी जत्रेत तंबू आला आणि उठला तेव्हा आक्का त्याच्याबरोबर गेली. "आमास्नी भन न्हाई," म्हणून थोरल्या भावानं दार लावलं. मी कैकदा म्हटलं, आक्का, गाडी काढतो, चला. तर म्हणायची, "आरं, बोलावल्याबिगर कसं जायाचं?"

यंदा बोलावणं आलं. घेऊन आला तिचा भाचा, त्याच थोरल्या भावाचा पोरगा. जत्रा कमिटीचा अध्यक्ष, डोळ्यांवर गॉगल. "आत्ती, तुमची कला लोप पावत चाललीया. जत्रंत मुंडक्याचा खेळ करा."

"आन् दादा?" आक्कानं विचारलं.

"आबा कुणाशीच बोलत न्हाईत. तुमच्या जेवणाचं पाकीट ठेवतो की तंबूमागं."

माझं असं टाळकं सटकलं! माहेरी जायचं, तेही नुसतं मुंडकं होऊन? पण आक्का म्हणाली, "जेवढ्याला बोलावलंय तेवढं तरी जाऊ दे की मला."

मीच घेऊन गेलो. गुडघ्यांना शिव्या देत ती टेबलाखाली बसली. भाचा माईकवर कलेचं महत्त्व सांगत होता. पोरं विचारत होती, आमचं रील व्हायरल कवा हुईल? आक्का एकेकाला गार करत होती, लय हशा चालला होता. तेवढ्यात काठी टेकत एक म्हातारा आत आला. तिचा थोरला भाऊ. दोरीपाशी थांबला.

"जेवलीस का, हिरे?"

तंबू हसून लोळला. मुंडक्याला कसलं जेवण! आक्काचे मात्र डोळे भरले, गालांवरून घळाघळा वाहायला लागले, आणि पुसणार कशानं? हात टेबलाखाली. माझ्याच्यानं बघवेना.

म्हातारा दोरी ओलांडून आत शिरला. "आबा, आरसं हायत, मागं व्हा!" भाचा माईकवरच बोंबलला. आरशात म्हाताऱ्याचं धोतर दिसायला लागलं, सगळा खेळ उघडा पडला. म्हाताऱ्यानं फेट्याचा शेमला ओढला आणि तिचं तोंड पुसलं.

"तुझ्या वैनीनं भाकऱ्या थापल्यात," तो म्हणाला. "ऊठ आता."