डबल बेलशिवाय यान हलत नाही

रसूलचाचांचं अंतराळयान वळणावर हॉर्न देतं. गेममध्ये हॉर्न नाही, म्हणून चाचा तोंडानं देतात. समोर परग्रहावरचे राक्षस आग ओकत असतात आणि माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसलेले चाचा "पों पों" करत आपली बाजू धरून जातात.

कळंबला माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. चाचा एसटीचे रिटायर ड्रायव्हर. हातात धरून खेळायचा हा गेम त्यांना पोरीनं पाठवला. पहिला भाग त्यांनी नाराजीनंच संपवला. त्यात एकट्यानं उडायचं, दिसेल त्याला गोळी घालायची, बस्स. "रिकामी गाडी पळवायची म्हंजे काय ड्रायव्हरी न्हाय," म्हणायचे.

दुसरा भाग मीच घालून दिला. दुसरे भाग म्हणजे जुन्याच गाडीला नवा रंग, असं माझं ठाम मत. पण या पठ्ठ्यांनी कमाल केली होती. यान तेच, राक्षस तेच, फक्त मागं बारा सीटा बसवल्या. ग्रहाग्रहावर अडकलेली माणसं उचलून आणायची, आणि दार उघडं असेपर्यंत बंदूक चालत नाही. एवढ्या एका बदलानं सगळा खेळच फिरला. आधी नुसतं मारत सुटायचो, आता शेवटचं माणूस चढेपर्यंत जीव मुठीत धरून उभं राहायचं. मी थक्क झालो. चाचा झाले नाहीत. "आता झाली गाडी," एवढंच म्हणाले आणि नीट सावरून बसले.

पण महिनाभर ते शेवटच्या थांब्यावर अडकले. माणसं चढायची, दार लागायचं, फक्त बटण दाबून निघायचं. चाचा निघायचेच नाहीत. राक्षस यायचे आणि यान जळायचं.

"चाचा, दाबा की आता."

"बेल कुठं झाली?"

मग यान जळालं की स्क्रीनमधल्या माणसांची समजूत काढायचे, "बसा हो, मागनं दुसरी गाडी हाय."

एकदा वैतागून मीच काउंटरवर दोनदा टकटक केलं. चाचांनी वरपासून खालपर्यंत बघितलं. "तू कंडक्टर हायस व्हय?"

परवा चार्जिंगची वायर बिघडली म्हणून त्यांनी मला शिवलिंगआप्पांच्या घरी बोलावलं. आप्पा वीस-बावीस वर्षं त्यांच्या गाडीवर कंडक्टर होते. लकव्याच्या झटक्यानं उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. हात हलवत राहिले तर त्यात जोर येईल, असं डॉक्टर म्हणतात, पण आप्पांनीच आशा सोडलेली. चाचा रोज दुपारी इथं येऊन खेळतात, हे मला तेव्हा कळलं.

खाटेवरच्या खिडकीच्या गजाला बैलाच्या गळ्यातली घंटा बांधलेली, तिची दोरी आप्पांच्या उजव्या मुठीत. आप्पांनी हळूच डावा हात पुढं केला तसे चाचा गुरकावले, "डावा हात तिकिटाचा. बेल उजव्यानं."

शेवटचा थांबा आला. माणसं चढली, दार लागलं.

"आप्पा, गाडी भरली बघा," चाचा म्हणाले.

राक्षस निघाले. आप्पांच्या कपाळावर घाम आला, बोटं मात्र तशीच. मी स्क्रीनकडं बघायचंच विसरलो.

टण.

एक बेल म्हणजे थांबा. "थांबलोय की, आप्पा. थांबलोयच," चाचा म्हणाले. सूनबाई पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. दोरी पुन्हा ताणली गेली, आणि दुसरी टण झाली.

चाचांनी दोन्ही हातांनी आप्पांची मूठ धरली होती. गेम मांडीवरून सतरंजीवर पडला होता आणि त्यात यान खुशाल जळत होतं. आप्पांनी त्याच्याकडं बघितलं, मग चूक झाल्यासारखं माझ्याकडं. चाचा काही मूठ सोडेनात.

शेवटी मीच म्हणालो, "असू द्या आप्पा. मागनं दुसरी गाडी हाय."