गणपतराव आणि लोखंडी पलंग

गणपतराव सोळुंके कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेले की यजमानांच्या आधी खिडकीच्या गजांना भेटत. नखानं गजाचं टोक खरवडत, एक डोळा बारीक करत आणि चहा यायच्या आत निकाल देत, "छिन्नीनं तोडलंय. घाईचं काम."

एकदा नात्यातल्या एका मुलीसाठी आम्ही विद्यानगरला स्थळ बघायला गेलो. माझे सासरे तेव्हा हयात नव्हते, म्हणून वडीलधारं माणूस म्हणून गणपतरावांना बरोबर घेतलं. मुलाचे वडील आपली जमीन किती, विहिरीला पाणी किती, हे सांगत होते आणि गणपतराव फाटकाकडे बघत होते. शेवटी ते गृहस्थ म्हणाले, "तुम्हाला काही विचारायचंय का?"

"हो," गणपतराव म्हणाले. "हे फाटक कुणी कापलं?"

ते लग्न जमलं नाही. कारण दुसरंच होतं, पण सासूबाईंनी ते कायमचं गणपतरावांच्या नावावर टाकलं.

गणपतराव माझ्या सासऱ्यांचे गाववाले. परभणीकडून दोघं निजामाच्या राजवटीत बरोबरच हैदराबादला आले आणि दोघांनाही सरकारी दफ्तरात चिकटायला मिळालं. सासऱ्यांनी लग्न केलं, जामबागेत दोन खोल्या घेतल्या. गणपतरावांनी लग्न केलं नाही. अंगणाच्या पलीकडची एक खोली घेतली आणि राहिले. मी लग्न होऊन आले तेव्हा सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण गणपतरावांची रात्रीची भाकरी आमच्याकडेच असे. ते सासूबाईंना वहिनी म्हणत, सासूबाई त्यांना भाऊजी. मी काका म्हणायची.

त्यांच्या खोलीत माणसाला लागणारं सामान फार थोडं. एक चटई, एक स्टोव्ह, दोन पातेली. हत्यारांची मात्र चंगळ. खिडकीच्या कट्ट्यावर शिकंजा बसवलेला, म्हणजे लोखंड घट्ट धरून ठेवायचा तो जबडा. भिंतीवर कानशी, छिन्न्या, पत्रा कापायच्या दोन कात्र्या, एक सरळ आणि एक वाकड्या चोचीची. थंडीत स्वतः विरलेल्या चादरीत झोपत आणि लोकरी मफलर एक्साला गुंडाळून ठेवत. एक्सा म्हणजे लोखंड कापायची करवत. तिला लांब, अरुंद पातं असतं आणि ते झिजलं की बदलायचं असतं.

संध्याकाळी दफ्तरातून आले की शेरवानी खुंटीला लावायची आणि एक्सा हातात घ्यायचा. कुणाची शेगडी, कुणाचं झाकण, कुणाच्या परसातली कडी. कर्र, कर्र सुरू झालं की आमच्या दारातून सासूबाई ओरडत, "भाऊजी, माझ्या डोक्यावर चालवताय का ते?"

"डोक्याला बारीक दाताचं पातं लागतं वहिनी. हे मोठ्या दाताचं आहे."

"स्वतःच्या डोक्यावर चालवून बघा आधी. आत काही निघतंय का ते कळेल."

हे रोजचं. ज्या दिवशी सासूबाई ओरडत नसत त्या दिवशी गणपतराव काम थांबवून विचारायला येत, "वहिनींना बरं नाही का?"

कापण्याच्या बाबतीत या माणसाचे नियम होते आणि ते ऐकल्याशिवाय कुणाची सुटका नव्हती. पातळ पत्र्याला कात्री. जाड पट्टीला एक्सा, मोठ्या दातांचा. पातळ नळीला बारीक दातांचा, नाहीतर दात अडकून मोडतात. छिन्नी आणि हातोडा फक्त अशा माणसानं वापरावा ज्याला परत त्या वस्तूकडे बघायचं नाही. कुणी काहीही कापायला निघालं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "दात मोजले का?" आमची शेजारीण एकदा कलिंगड कापत होती. तिलाही विचारलं.

मला एकदा घासलेटच्या रिकाम्या डब्याचं तोंड कापायचं होतं, ज्वारीचं पीठ ठेवायला. मी विळी घेतली आणि बसले. समोरून गणपतराव आले आणि जागच्या जागी थिजले. घरात खून होताना पाहावा तसा चेहरा.

"सूनबाई, ती भाजीची विळी आहे."

"भाजी कापून झालीय माझी."

"उठा. आपण कात्री आणू."

मग आम्ही कोठीच्या बाजारात गेलो. हमरस्ता सोडून आतल्या गल्लीत रहीममियाँचं हत्यारांचं दुकान होतं. रहीममियाँनी आम्हाला बघितलं आणि नोकराला म्हणाले, "सब निकाल के रख दे. सोळुंके साब आए." गणपतरावांनी एकेक कात्री घेतली. उघडली, मिटली, कानाशी नेली, उजेडात धरून दोन पात्यांमधली फट पाहिली. मला म्हणाले, "खिळा सैल असला तर पत्रा कापला जात नाही, दुमडतो. आणि पकडताना मूठ भरायला हवी. तुमचा हात लहान आहे, ही तुम्हाला मोठी होईल." हे सगळं खरं होतं. त्यात अख्खी दुपार गेली हेही खरं होतं.

रहीममियाँ शेवटी म्हणाले, "साब, इत्ता देखके तो लोगां लड़की भी पसंद नै करते."

"लड़की वापस कर सकते क्या मियाँ?" गणपतराव म्हणाले. "इसलिए लड़की देखाच नै मैं."

"फिर ये कैंची?"

"कल आके देखतूं."

आम्ही रिकाम्या हातानं परतलो. डबा मी विळीनंच कापला. विळी वाकडी झाली, पण पीठ त्याच दिवशी डब्यात गेलं. गणपतराव चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आता पलंगाबद्दल. आमचं लग्न गावी झालं. घरची सगळी मंडळी गावी गेलेली, किल्ली गणपतरावांकडे. परत आलो तर आतल्या खोलीत लोखंडी पलंग. जाड अँगलच्या लांब पट्ट्या, नळीचे पाय, डोक्याशी वेलबुट्टी, सगळं रिबेट ठोकून कायमचं बसवलेलं. बघत राहावं असं काम होतं. यांनी भोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "काका, हा दारातून आत कसा आणला?"

"आणला नाही. आतच केला."

"आणि बाहेर कसा काढायचा?"

गणपतरावांनी दाराकडे पाहिलं, पलंगाकडे पाहिलं. आयुष्यभर गजांची मापं घेणारा हा माणूस दाराचं माप घ्यायला विसरला होता. पण कबूल कोण करतो? "पलंगाला बाहेर काय काम आहे?" ते म्हणाले.

भेट आम्हाला होती, पण सासूबाईंची कंबर धरलेली असे, म्हणून त्यावर नवार विणून त्याच झोपू लागल्या. त्यांना कोणी विचारलं की सांगत, "आमच्या भाऊजींनी केलाय. खोलीसकट."

मग हैदराबाद राज्याचे तुकडे करायचं ठरलं. मराठी जिल्हे मुंबईकडे, कानडी म्हैसूरकडे, तेलुगू आंध्राकडे. अंगणात संध्याकाळी दुसरा विषय नसे. कोण जाणार, कोण राहणार, पोरं कोणत्या शाळेत घालायची. हेही सरकारी नोकरीत, यांची नेमणूक औरंगाबादला झाली. गणपतरावांना इथंच ठेवलं. यांनी त्यांना सुचवलं की अर्ज करून बघा, तिकडे घेतील.

"तिकडे माझं कोण आहे?" गणपतराव म्हणाले. गावी भावकीशी जमिनीवरून त्यांचं केव्हाच फाटलं होतं.

सासूबाई भाकरी थापत होत्या. हात थांबला नाही, पण ती भाकरी त्यांनी इतकी पातळ केली की तव्यावर टाकताना फाटली. त्यांची भाकरी फाटलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

सामान बांधायला लागलो आणि पलंगाचा प्रश्न आला. हे म्हणाले, इथंच सोडून देऊ. सासूबाई म्हणाल्या, "पलंगाशिवाय मी हलणार नाही." हे म्हणाले, मग लोहाराला बोलावतो, छिन्नीचे चार घाव घालेल. हे गणपतरावांनी ऐकलं.

"माझ्या कामावर छिन्नी? मी जोडलाय, मीच कापणार. मधोमध. तिकडे पट्ट्या लावून बोल्टनं परत जोडता येईल असा."

"किती दिवस लागतील?" यांनी विचारलं.

"आधी पातं निवडू द्या."

पातं निवडण्यात आठवडा गेला. यांची हजर व्हायची तारीख आली, ते पुढे निघून गेले. मागे सासूबाई, मी आणि पलंग. मालगाडीच्या डब्याची व्यवस्था झाली होती, ती पुढे ढकलावी लागली. गणपतराव रोज संध्याकाळी यायचे, शेरवानी आमच्याच खुंटीला लावायचे, जमिनीवर मांडी घालून बसायचे आणि कापायचे. कर्र, कर्र. जेवायची वेळ झाली की थांबायचे. पट्टीवर रेघ उठावी एवढंही कापलं जात नव्हतं.

मी सरळ स्वभावाची बाई. एके दिवशी ते हात धुवायला गेल्यावर एक्सा उचलला आणि पात्यावरून अंगठा फिरवला. गुळगुळीत. चमच्याचा दांडा जास्त टोचेल. शेजारी त्यांचा डबा उघडा होता आणि त्यात तेल लावलेली कोरी पाती ओळीनं ठेवलेली होती.

ते आले तेव्हा मी विचारलं, "काका, या पात्याचे दात कुठे आहेत?"

"होते," ते म्हणाले.

"मग नवीन लावा ना."

"लावू की." आणि तेच पातं घेऊन परत बसले.

मी स्वयंपाकघरात गेले. सासूबाई डाळ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. त्या मान वर न करता म्हणाल्या, "तुला आज कळलं होय? मला पहिल्या संध्याकाळी आवाजावरून कळलं. हा काय लोखंड कापायचा आवाज आहे?"

"मग तुम्ही बोलत का नाही?"

"बोलीन. एवढी डाळ निवडून होऊ दे."

डाळ अर्धा शेर होती. निवडायला चार दिवस लागले.

पाचव्या दिवशी औरंगाबादहून आलेल्या एकानं निरोप दिला की हॉटेलच्या जेवणानं यांचं पोट बिघडलंय, अंगात ताप आहे. सासूबाई पदराला हात पुसत आतल्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. "भाऊजी, पोरगं तिकडे आजारी पडलंय."

कर्र कर्र थांबलं. गणपतरावांनी जुनं पातं काढलं, चिंधीनं पुसलं, डब्यातलं नवीन लावलं, तेलाचा थेंब सोडला. दिवेलागणीच्या आत दोन्ही पट्ट्या कापून झाल्या. कापलेल्या कडा कानशीनं घासल्या, हाताला लागू नयेत म्हणून त्यांना गोणपाट बांधलं. सासूबाई तिथेच पाटावर बसून होत्या. उठताना गणपतराव एवढंच म्हणाले, "पट्ट्या आणि बोल्ट मी दिवाळीला घेऊन येतो. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका."

काचीगुडा स्टेशनवर आम्हाला सोडायला ते आले नाहीत. दफ्तरात काम आहे म्हणाले. त्या दिवशी रविवार होता.

दिवाळीला आले. पट्ट्या आणल्या, बोल्ट नव्हते. "औरंगाबादेत बघू," म्हणाले आणि सुट्टीचे सगळे दिवस शहरातली दुकानं पालथी घातली. संध्याकाळी येऊन सांगायचे, "माप ठीक आहे पण आटे नीट नाहीत." सासूबाई म्हणायच्या, "तुम्हाला देवानं केलेला बोल्टसुद्धा आवडायचा नाही." सुट्टी संपली, ते परत गेले. पुढच्या दिवाळीला पुन्हा तेच. मग दर दिवाळीला तेच. पलंगाचे दोन अर्धे विटांवर टेकून शेजारी शेजारी ठेवलेले आणि सासूबाई वर्षानुवर्षं त्या फटीवर झोपल्या.

यांना एकदा राहवलं नाही. कोपऱ्यावरच्या लोहाराला घेऊन आले. सासूबाईंनी त्याला बसवलं, चहा दिला, बायकापोरांची चौकशी केली आणि परत पाठवून दिलं.

सासूबाई गेल्या त्या वर्षी गणपतराव दिवाळीची वाट न बघता तेराव्याला आले. जेवणं झाली, माणसं पांगली. ते आतल्या खोलीत गेले, पिशवीच्या तळातून तेलकट फडक्याची पुरचुंडी काढली. त्यात बोल्ट होते. नवे नव्हते. वर्षानुवर्षं पिशवीत घासून त्यांच्या डोक्यांना चकाकी आली होती. त्यांनी ते एकेक करून बसवले, पाना फिरवला आणि मला चहा ठेवून होईपर्यंत पलंग सांधला गेला. विटा त्यांनी स्वतः अंगणात नेऊन ठेवल्या.

मग हात धुऊन चहाला बसले. कपबशी घेतली, पण प्यायले नाहीत. म्हणाले, "झालं. आता इकडचं काम संपलं."

मी म्हटलं, "काका, मागच्या अंगणात पत्र्याची पडवी काढायचीय. सरपण भिजतं. अँगल कापावे लागतील, पत्रा कापावा लागेल."

त्यांनी कप खाली ठेवला. "कुणाला सांगितलंय का?"

"नाही."

ते उठून मागच्या दारात गेले. बराच वेळ उभे राहून रिकाम्या जागेकडे बघत राहिले. मग माझ्याकडे न वळता विचारलं, "घाई आहे का?"

"मुळीच नाही," मी म्हटलं.