चार घोट, दोन घास

लिंबाजीमामा कधी कुणाला 'बरं आहे का' असं विचारत नाहीत. ते विचारतात, "लघवीचा रंग कसाय?"

कुठंही विचारतात. पिठाच्या गिरणीत, रांगेत. लग्नात, अक्षता मुठीत धरून. आमच्या शाळेत एका निरोप समारंभाला शेजारी म्हणून त्यांना बोलावलं, तर बाजूच्या खुर्चीवरच्या केंद्रप्रमुखांनाच विचारून मोकळे झाले. ते बिचारे अधिकारी माणूस, हातात गुलाबाचं फूल, घाबरून म्हणाले, "जरा पिवळीच होतेय." मामांनी त्यांच्यापुढं तांब्या सरकवला. "मंग भाषण आखूड करा अन् पाणी प्या. मेल्यावर तोंडात पाणी घालायला सारं गाव येतं, जित्तेपणी चार घोट कुणी पाजत न्हाई."

मी मागच्या रांगेत होते. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. कारण त्यांना बोलावलं होतं मीच.

मामा म्हणजे काही माझे सख्खे मामा नव्हेत. जालन्यात भोकरदन नाक्याच्या बाजूला आमची कॉलनी आहे, तिथले सगळ्यांचेच ते मामा. जन्मभर एसटीच्या स्टँडवर कंट्रोलर होते. गाड्या पुकारून पुकारून आवाज असा कमावलेला, की गच्चीवरून हाक मारली तर खालच्या गल्लीतला भाजीवाला गाडा थांबवतो. तेव्हा मात्र ते असे नव्हते. गाडी पुकारायची, तंबाखू मळायची आणि गप्प बसायचं. घरात बोलायच्या त्या सिंधूमामी. मामांच्या वाटचंही त्याच बोलायच्या.

तीन वर्षांपूर्वी कॉलनीतली दहाबारा माणसं हिमाचलच्या ट्रिपला गेली. त्यात एक दिवस पहाड चढायचा होता. सकाळी निघायचं, वर बर्फ दिसतं तिथपर्यंत जायचं, संध्याकाळी खाली. सोबत तिथला गाईड. मामा-मामी जोडीनं गेले आणि मामा एकटे परत आले. मांडीवर एक गाडगं घेऊन, रेल्वेच्या खिडकीपाशी बसून. हवा विरळ होती, ती मामींना सोसली नाही, असं सगळे म्हणाले. मामा काहीच म्हणाले नाहीत. तेराव्याला लोक जेवायला बसले, पंगतीत पाणी वाढायला मामा स्वतः उठले, आणि एकेकाजवळ थांबून पहिल्यांदा त्यांनी तो प्रश्न विचारला. लोकांना वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. होईल नीट हळूहळू.

नीट कसलं होतंय. पुढच्या उन्हाळ्यात ट्रिप निघाली, तर मामांनी पहिलं नाव दिलं. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातही तेच. जिथं बायको गेली त्याच पहाडावर हा माणूस दरवर्षी जातो, आणि जायच्या आधी गच्चीवर सगळ्यांना बसवून वर काय खायचं न् काय प्यायचं याचं भाषण देतो.

यंदा आम्ही नवराबायको दोघंही जाणार होतो, म्हणून मलाही ते ऐकावं लागलं.

"वर भूक लागत न्हाई," मामा सांगत होते. "घास तोंडात फिरतो, जीव मळमळून राह्यला म्हणतात. मंग माणूस म्हणतो, उतरल्यावर खाऊ. अन् मंग उतरतच न्हाई." इथं त्यांनी बोट आभाळाकडं केलं. "म्हणून भूक लागो न लागो, थांबलं की चार घोट, दोन घास. चार घोट, दोन घास. बाकी मला काही सांगू नका."

घास कसले, तर दशमी, गूळ-शेंगदाणे, खजूर. घोट कसले, तर लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. माणशी एक मोसंबी, ती मामा जालन्यातून पोतं बांधून नेणार. पहाडावर गेलेली मोसंबी बहुतेक एवढीच असेल. चहा एकदाच. दारू आदल्या रात्रीसुद्धा बिलकुल नाही, हे सांगताना त्यांनी आमच्या ह्यांच्याकडं बघितलं. आणि ठेचा बंद.

ठेचा बंद म्हटल्यावर गच्चीवर गलका झाला. जालन्याच्या माणसाला वर ऑक्सिजन नाही म्हटलं तर तो चालवून घेईल.

"ठेचा खाल की तहान लागंल," मामा म्हणाले. "तहान लागली की बाटली संपंल. बाटली संपली की..." परत बोट आभाळाकडं. पुढं कुणी वाद घातला नाही. मामींची आठवण सगळ्यांनाच होती, फक्त मामांसमोर कुणी काढत नव्हतं.

चढायच्या दिवशी सकाळी हॉटेलच्या दारात त्यांनी सगळ्यांच्या पिशव्या तपासल्या. कुरकुरे काढले, भज्यांचा डबा काढला. कॉलनीतले पाटीलकाका म्हणाले, "माझी आज संकष्टी आहे, मी काही खाणार नाही." मामांनी त्यांच्या हातावर दशमी ठेवली. "खा. बाप्पाला सांगा, लिंबाजीनं मोडायला लावली. पाप माझ्या नावावर लिहा म्हणावं. तिथं माझ्या नावावर आधीच लई हाय, एकानं काही फरक पडत न्हाई." पाटीलकाका हसले आणि खाल्ली. मामा हसत नव्हते.

आता माझं सांगते.

मी बदनापूरच्या पुढच्या एका खेड्यात शिकवते. सकाळी घरून निघाले की संध्याकाळी घरी येईपर्यंत मी पाणी पीत नाही. का पीत नाही हे बायकांना सांगावं लागत नाही आणि पुरुषांना सांगून कळत नाही. बाटली असते, ती चारचौघांत तोंडाला लावते, ओठ ओले करते आणि खाली ठेवते. वर्षानुवर्षं जमवलंय मी हे. त्या पहाडावर तर झाड नाही, झुडूप नाही, नुसता उघडा उतार, आणि पुढंमागं सगळे आपल्याच कॉलनीतले गडी. रोज ज्यांच्याकडून इस्त्रीचे कपडे घ्यायचे, त्यांच्या देखत कुठं बसायचं? तेव्हा मामांनी 'चार घोट' पुकारलं की मी बाटली लावायची, ओठ ओले करायची. माझ्या मागं आणखी दोघी होत्या, शेजारची निर्मला आणि तिची जाऊ. त्या माझ्याकडं बघून तेच करत होत्या. आम्ही एकमेकींना काही बोललो नव्हतो.

आमचे हे पुढं होते. गाईडच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेत होते.

दुपार व्हायच्या आत माझं डोकं ठणकायला लागलं. कपाळात कुणी पाचर ठोकतंय असं. पाय दुसऱ्याचे वाटायला लागले. एका दगडाला धरून मी ओकले, पण पोटात होतंच काय, नुसतं कडू पाणी. दशमी तशीच पदरात बांधलेली होती, तहानेनं गिळतच नव्हती. मला वाटलं, आपण इथंच मरणार. खरंच वाटलं. आणि त्यातही माझ्या मनात काय यावं, तर मेल्यावर कपडे नीट असावेत.

मामा मागून आले. माझ्याकडं बघितलं नाही, सरळ माझी बाटली उचलली आणि हातावर तोलली.

"जड लागून राह्यली, बाई."

बाटली परत घ्यायला मी हात पुढं केला.

"सकाळपून पेलंच न्हाई तुम्ही."

"पिते की. मघाशी प्याले."

मामांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी वर तोंड करून गाईडला हाक मारली, तशी हाक मी जन्मात ऐकली नव्हती. गाईड धावत खाली आला. माझे डोळे बघितले, नाव विचारलं, सरळ रेषेत चालायला लावलं. म्हणाला, "मॅडम ऊपर नहीं जाएँगी. सब नीचे चलेंगे, अभी." हे आले, घाबरून माझा हात धरून उभे राहिले. मामांनी त्यांना बाजूला केलं.

"आधी पाणी," मामा म्हणाले.

"नको," मी म्हणाले, आणि मला रडू आलं. "मामा, मला पाणी नको. मला आधीच जायचंय. सकाळपासून जायचंय."

मामांनी पाठीवरची पिशवी सोडली आणि एक चादर काढली. मोरांची नक्षी असलेली घरातलीच चादर, चारी कोपऱ्यांना नाड्या शिवलेल्या. टाके असे वाकडेतिकडे, की ते पुरुषानंच घातलेत हे कुणीही सांगावं. दोन मोठ्या दगडांना त्यांनी ती आडवी बांधली, खालची टोकं दगडाखाली दाबली. सगळ्या गड्यांना हाताच्या एका खुणेनं खाली पिटाळलं. मग स्वतः पाठ करून दहा पावलांवर उभे राहिले.

मी आडोशाला गेले, पण जमेना. दहा पावलांवर माणूस उभा आहे, सगळीकडं चिडीचूप. मामांनाही ते कळलं असावं. त्यांनी घसा खाकरला आणि त्या बर्फाच्या डोंगराकडं तोंड करून पुकारायला सुरुवात केली.

"अंबडकडं जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागलेली आहे. अंबडकडं जाणाऱ्या प्रवाशांनी लाभ घ्यावा. भोकरदन, पिंपळगाव रेणुकाई गाडी थोड्याच वेळात येत आहे..."

त्या आवाजात दरी भरून गेली. मी रडत होते आणि मला हसू येत होतं.

बाहेर आले तेव्हा ते पुकारायचे थांबले होते, पण वळले नव्हते. मी बाटली तोंडाला लावली आणि खरोखर प्याले. घोट घशातून उतरताना दुखत होता.

"ती बी असंच म्हणली," मामा पाठमोरेच बोलले. "मी इचारलं, पेलीस का? म्हणली, पेले की मघाशी. मी पुढं गेल्तो, गड्यांसंगं. गप्पा मारीत. मागून निरोप आला. बाटली बघितली तं सकाळी भरून दिली तशीच, बूच बी फिरवलेलं न्हाई. डॉक्टर म्हणला, हवेनं झालं. आसंल. मी न्हाई म्हणत न्हाई. पण बाई, जल्मभर स्टँडवर बायका तोंड दाबून उभ्या राह्यलेल्या मी बघितल्या. माझ्या खिडकीसमोर. मला कधी कळलंच न्हाई त्या काहून पाणी पेत न्हाईत."

त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं, पण आपल्याकडं तसं करता येत नाही.

"दोन सालं झाली, चादर घेऊन येऊन राह्यलो," ते म्हणाले. "एक बाई गेली न्हाई. पुरुष माणूस चादर बांधतो म्हणल्यावर कोण जाईल? त्यांचं बी बराबर हाय. बाई पाहिजे होती कुणीतरी सांगायला."

थोड्या अंतरावर निर्मला आणि तिची जाऊ अजून उभ्या होत्या. निर्मलाच्या ओठांना चिरा पडल्या होत्या. मी हात वर करून त्यांना बोलावलं. दोघी लाजल्या, एकमेकींकडं बघितलं. मी म्हणाले, "या गं. मी उभी राहते." मामांना म्हणाले, "तुम्ही जा खाली, मी आहे." ते गेले. चादरीची सुटलेली एक नाडी मी धरून उभी राहिले, डोकं ठणकत होतंच. निर्मला आडोशाला गेली. खालच्या वळणावरून दुसऱ्या ट्रिपच्या तीनचार अनोळखी बायका बघत होत्या, त्याही हळूहळू चढून आल्या आणि काही न विचारता मागं उभ्या राहिल्या.

खाली गाईडची घाई चालली होती. ढग उतरायला लागले होते. "अंकल, चलें? सब लोग रेडी हैं," तो म्हणाला. आमचे हेही काठी घेऊन निघालेच होते.

मामा वाटेत मधोमध उभे राहिले.

"कोणी पुढं जायचं न्हाई," ते म्हणाले. "बायका येऊन राह्यल्या."