कामावरच्या बाईची एकशे बारा पिल्लं

सोमवारी सकाळी अकरा वाजता एक कासवीण रस्ते बांधकामाच्या कार्यालयात आली आणि वेळणे बंदर रस्त्याचं डांबरीकरण पन्नास दिवस पुढे ढकलावं, असा अर्ज तिने दिला. दारातून टेबलापर्यंत येईतो जेवणाची सुट्टी झाली, त्यामुळे अर्जावर शिक्का अडीचला पडला.

अभियंता हेमांगी कीर यांनी अर्ज वाचला. रस्त्याच्या कडेच्या वाळूत कासविणीने एकशे बारा अंडी घातली होती. गुरुवारी तिथे रोलर फिरणार होता.

"किनाऱ्यावर का नाही घातलीत?"

"किनाऱ्यावर आता भिंत आहे, मॅडम."

हेमांगीबाईंना वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून काम थांबवता येत नाही. त्यांनी नियमांचं पुस्तक उघडलं. मंत्र्यांच्या दौऱ्यासाठी काम थांबवता येत होतं, जत्रेसाठीही. कासवांचं काही नव्हतं. पाच वाजता त्यांना एक कलम सापडलं: कामावरच्या बाईची मुलं जागेवर असतील, तर ती चालू लागेपर्यंत तिथे यंत्र आणू नये.

"तुम्हाला नोकरी धरावी लागेल," त्या म्हणाल्या. "गाडीवाल्यांना सावकाश जायला सांगायचं."

"ते जमेल मला."

ठेकेदार बावकर अडून बसले. "हेल्मेट नसेल तर मी कोणाला कामावर घेत नाही."

हेमांगीबाईंनी कासविणीच्या पाठीवर टकटक करून दाखवलं. बावकरांनी आवाज नीट ऐकला आणि हजेरीपटावर नाव चढवलं.

दुसऱ्या दिवसापासून कासवीण तोंडात लाल झेंडा धरून कडेला उभी राहू लागली. तिने एकही खाडा केला नाही. पंधरवड्यात ट्रकवालेसुद्धा काच खाली करून विचारू लागले, "काय बाई, अजून किती दिवस?"

एक्कावन्नाव्या दिवशी सकाळी सातला वाळू हलली आणि पिल्लं बाहेर पडली. भिंतीतून समुद्राकडे जाणारा एकच जिना होता आणि तो रस्त्यापलीकडे होता. कासविणीने झेंडा वर केला. बंदराकडे निघालेली एसटी थांबली, उतारू खाली उतरले. मासेवाली कुंदाताई रिकामी टोपली फिरवत कावळ्यांना हाकलत राहिली. बावकर जिन्याच्या पायऱ्यांवर फळ्या टाकत होते. हेमांगीबाई मोजत होत्या. मोजता मोजता त्यांचे डोळे भरून आले आणि एकसष्टावर त्यांची गल्लत झाली. कुंदाताईने आकडा सांगितला.

एकशे अकरा पिल्लं पाण्यात गेली. एकशे बारावं एसटीच्या पायरीशी जाऊन उभं राहिलं.

"अहो, तुमचा हा इकडे आलाय," कंडक्टर गवाणकर म्हणाले.

कासविणीने त्याला दोनदा हाक मारली. ते हललं नाही.

"बंदरावर पाणी आहे ना?" तिने विचारलं.

"आहे की. शेवटचा थांबा. मी स्वतः उतरवतो."

"मग खिडकीशी बसवा," ती म्हणाली आणि जिना उतरू लागली.

गवाणकरांनी पिल्लाला खिडकीशी बसवलं आणि डबल बेल दिली.