शाल्मलीचा डाव अकरा दिवस खोळंबला, त्याची हकीकत

श्री. वाचणारांचे कल्याण असो, न वाचणारांचेही असो, राजसीबाईंचे मात्र त्यांचे त्यांनीच पाहावे. शके १९४७, विश्वावसु नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, नववीच्या एका वर्गाचे राज्यात जो कलह जाहला तो जैसा घडला तैसा लिहितो. राज्याचे नाव पुसू नये, लिहिणार कोण हेही पुसू नये, इतुकेच ध्यानी असावे की लिहिणार निःपक्षपाती आहे, बहुतेक.

राज्यात आम्ही आणि शाल्मलीबाई, दोघी बालवाडीपासून एका बाकाच्या धनी. आमचे मामांनी हाती धरून खेळावयाचे यंत्र दिले होते आणि त्यात ‘नऊ मशाली’ नामे जुन्या चालीचा खेळ, म्हणजे चार वीर घेऊन देशोदेशी हिंडावे, गावकऱ्यांशी बोलावे, आणि राक्षस भेटला की त्याने एक वार करावा, मग आपण एक करावा, आणि आपला हुकूम होईतो राक्षसाने मुकाट उभे राहावे. दोन वीर आमचे, दोन शाल्मलीबाईंचे, आणि दस्तूर ऐसा की जिच्या वीराचा डाव तिच्या हाती यंत्र, दुसरीने बोटही लावू नये. शाळा सुटली की समोरच्या वाचनालयाच्या पायऱ्यांवर बसावे आणि रिक्षा येईतो लढावे, ऐसे करीत दोन वर्षांत सहा मशाली पेटविल्या आणि दस्तूर एकदाही मोडला नाही. मग सातव्या मशालीपाशी तीन डोक्यांचा अजगर आडवा आला आणि युद्ध थोर जाहले, आमचे वीर अर्धमेले, अजगरही अर्धमेला, आणि शाल्मलीबाईंची धनुर्धारी मंजिरी, जिचे अंगी नऊ अंश प्राण उरले होते, तिचा डाव आला. इतक्यात राजसीबाई खालच्या पायरीवरून हाक देत्या जाहल्या. या राजसीबाई जूनमध्ये दुसऱ्या शहराहून आल्या, अक्षर सुंदर, वेणी कमरेपर्यंत, डब्यात रोज नवा पदार्थ, आणि हे सगळे एकाच माणसाला कशाला लागते ते देव जाणे. त्यांची चौघींची टोळी, आणि मोबाइलवर पळत पळत गोळ्या झाडावयाचा खेळ. “शाल्मली, येतेस? एक जण कमी पडतेय.” “आलेच गं दोन मिनिटांत,” ऐसे आम्हांस म्हणून शाल्मलीबाई उठल्या आणि गेल्या, आणि ती दोन मिनिटे अकरा दिवस पुरली.

या खेळात लढाई चालू असता काही जतन होत नाही, यंत्र बंद पडले की सहाव्या मशालीपासून पुन्हा आरंभ, म्हणजे दोन महिन्यांची चाल वाया. सबब आम्ही यंत्र स्वयंपाकघरात चार्जरला लावून पहारा ठेविला. मातोश्री म्हणाल्या, “अगं काढ ते, मिक्सर कुठे लावू?” “आई, नको! मंजिरी मरेल!” “कोण मंजिरी? तुमच्या वर्गातली?” आणि मातोश्रींनी त्या दिवशी चटणी खलबत्त्यात कुटली, हे उपकार येथे नमूद असावे.

नवव्या दिवशी पायऱ्यांवर दरबार भरला आणि राजसीबाई भर दरबारी बोलत्या जाहल्या, “असले खेळ संपले आता. मी एक मारणार, मग तू एक मार. राक्षस काय बँकेत टोकन घेऊन बसलाय?” दरबार हसला. तेव्हां आम्ही, जे आठवीपर्यंत ‘हजर’ सुद्धा कॉलरमध्ये तोंड घालून म्हणत होतो, ते सर्वांत वरच्या पायरीवर उभे राहिलो आणि म्हणालो, “आणि तुझ्या खेळात गोष्ट कुठंय? पळा, झाडा, मरा, परत पळा! काल कुणाला मारलंस, त्याचं नाव तरी माहितीये?” “नाव कशाला हवंय? मजा हवी!” “आम्हाला लोहाराच्या मुलीचं लग्न कुणाशी ठरलंय तेसुद्धा माहितीये!” “मग जा ना लग्नाला! अख्ख्या वर्गात खेळता किती जणी? दोघी!” आणि मग किंचित थांबून, वेणी पुढे घेऊन, “दोघी पण नाही. एक.” हा वार वर्मी बसला. मग सगळ्यांनी शाल्मलीबाईंस पुसले की तू दोन्ही खेळतेस, तूच सांग, आणि त्या दप्तराची चेन उघडत मिटत म्हणाल्या, “हळू आहे गं तो जरा. पण...” आणि त्या ‘पण’ पुढचे टाळ्यांत बुडाले.

मग आम्ही घरी कूच केले, दप्तर फेकले आणि यंत्र उघडले. मंजिरीच्या डोक्यावर बाण लुकलुकत होता. हुकूम चार, मार, मंत्र, ढाल, पळ. आम्ही ‘पळ’ निवडला. यंत्र पुसते जाहले, खात्री आहे? आणि लिहिण्यास लाज वाटते, परंतु आमचा अंगठा ‘होय’ वर गेला, की जाऊ दे तिला, जिथे जायचे तिथे. मग पाहिले तो मंजिरी धनुष्य ताणून तशीच श्वास घेत उभी, नऊ दिवस, आणि मनी आले की आता दस्तूर मोडला तर मोडणारी राजसी नव्हे, आम्ही. अंगठा मागे घेतला आणि उशीत तोंड खुपसून बहुत रडलो.

अकराव्या दिवशी शाल्मलीबाई टोळीत खेळत असता घरून फोन आला, त्यांनी घेतला, तेवढ्यात त्यांचा गडी मेला आणि टोळी हरली. “शी, शाल्मली! नंतर नाही करता येत?” “आईचा होता गं.” “मग? खेळ थांबतो का कुणासाठी?” ऐसे राजसीबाई बोलल्या आणि आम्ही तीन पायऱ्या उतरून यंत्र, जे त्या दिवशी पुरते चार्ज करून दप्तरात आणिले होते, शाल्मलीबाईंचे मांडीवर ठेविले आणि म्हणालो, “हा थांबतो.” त्यांनी पाहिले. “अय्या, हे अजून... माझाच डाव आहे?” “हो.” “इतके दिवस? तू खेळली नाहीस?” “तुझा होता.” मग त्यांनी नाक ओढले, आणि दरबार भोवती वाकला, राजसीबाईही वाकल्या, “मधल्या डोक्यावर मार गं!” ऐसे त्याच ओरडल्या, आणि शाल्मलीबाईंनी बाण सोडला, आणि तो चुकला. अजगराने फूत्कार टाकिला, मंजिरी पडली, मग चौघेही पडले, यंत्रात अंधार जाहला आणि ‘सहाव्या मशालीपासून पुन्हा आरंभ’ ऐसी अक्षरे उमटली. “म्हणजे परत सहाव्यापासून? किती दिवस?” राजसीबाई किंचाळल्या. “दोन महिने,” शाल्मलीबाई म्हणाल्या, “सॉरी गं, खरंच सॉरी.” आम्ही मोठ्या कष्टाने तोंड पाडिले. रोज शाळा सुटल्यावर, दोन महिने! इतका पराभव होऊन इतका आनंद कोणत्या राजास जाहला नसेल.

एकूण मजकूर इतका. जुने खेळ बुडाले की तरले, याचा निवाडा दरबारी जाहला नाही. राजसीबाई हल्ली खालच्या पायरीवरून आमच्या पायरीवर सरकल्या आहेत आणि “ती लोहाराची मुलगी कोण?” ऐसे पुसतात. आम्ही सांगितले नाही, शाल्मलीबाईंनी सांगितले. परंतु वीर चारच, दोन आमचे, दोन त्यांचे, पाचवा घेता येत नाही, हे यंत्रात तीनदा तपासून ठेविले आहे.