किरणचा ब्रेस आणि आबांचा टेकू

गुरुवारी जळगावला जाऊन किरणच्या डाव्या पायाला ब्रेस बसवायचा होता, आणि सोमवार उजाडला तरी तिला ते सांगायचं धाडस घरात कुणाला झालं नव्हतं. किरण सहा वर्षांची. पाऊल खाली झुकायचं, चालताना बोटं घासायची. "पोरीच्या मनाची तयारी करून आणा," माप घेताना डॉक्टरांनी बजावलं होतं. "मनाविरुद्ध घातलात तर घरी काढून फेकेल, आणि पाय तसाच राहील."

तिच्या आईनं, दिपमालानं, बाहुलीच्या पायाला पुठ्ठा बांधून सुरुवात करायची ठरवली. पण सासरे ज्ञानेश्वर आबा यांचा बाहुल्यांवर विश्वास नव्हता.

"तू ऱ्हाऊ दे. मी समजाडस तिले," म्हणत ते नातीला घेऊन केळीच्या मळ्यात गेले. घडाच्या वजनानं वाकलेल्या झाडाला बांबू लावला होता.

"हाई झाड देख. वाकी गये व्हतं. टेकू दिधा, उभं ऱ्हायनं. दुखस का त्याले?"

"नही."

"तसाच टेकू तुना पायले."

किरण खूश झाली. ओळीतल्या सगळ्या टेकूंना तिनं हात लावून पाहिला. आबा मिशीला पीळ देत घरी आले. पण केळीच्या गावातल्या पोरीला केळीची शेती अर्धीच कशी ठाऊक असेल?

"आबा, घड उतरावर मंग झाडले काय करतस?" तिनं जेवताना विचारलं.

"तोडी टाकतस," आबा भाकरी मोडता मोडता सवयीनं म्हणाले, आणि त्यांचा घास हातातच राहिला.

किरणनं आपल्या पायाकडे पाहिलं. मग ती उठली आणि खाटेखाली जाऊन बसली. तिला बाहेर काढायला गुळाचा खडाही पुरला नाही.

मंगळवारी आबांनी दुसरा उपाय काढला. मळ्यात उरलेला पाइप उभा चिरून त्यांनी स्वतःच्या पायाला उपरण्यानं बांधला. "देख, मी बी बांधा. माले कोणी तोडं का?" असं म्हणून ते लंगडत ओट्यावर जाऊन बसले. खाटेखालून दोन डोळे दिसू लागले, एवढी प्रगती झाली.

तेवढ्यात शेजारच्या भिकुबाईनं पाहिलं. "आबा, काय व्हयनं?"

नाटक आहे म्हणावं, तर आत दोन कान टवकारलेले. "काय नही. पायले आधार शे," आबा म्हणाले.

तेवढं पुरलं. दुपारपर्यंत आबांचा पाय मोडला, चारपर्यंत त्यात सळई पडली. आजाऱ्याकडे रिकाम्या हातानं जायचं नसतं, म्हणून बिस्किटांचे पुडे जमू लागले. शेवटी हाडं बसवणारे झुलाल नाना आले. आपल्याला न विचारता गावात कुणी पाय बांधला, हेच त्यांना झोंबलं होतं. त्यांनी उपरणं सोडलं.

"हाड सरकेल शे."

"अरे झुलाल, पाय चांगला शे!"

"सगळा लोक असंच म्हणतस," म्हणत नानांनी हिसका दिला.

आबांची किंकाळी पार एसटी स्टँडपर्यंत गेली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

किरण खाटेखालून बाहेर आली. "आई, जळगावना डॉक्टर बी असा वढस का?"

"नाही गं. तो फक्त पट्टे लावतो."

"मंग जळगावलेच चाल," ती म्हणाली. "आबाले बी संगे लई चाल. आठे घर ऱ्हायना तं नाना परत येई."

गुरुवारी ती खुर्चीवर शहाण्यासारखी बसली. पिवळा ब्रेस चढला, पट्टे लागले, वरून बूट. किरण उठली, दारापर्यंत गेली आणि परत आली. बोटं एकदाही घासली नाहीत. दिपमालाला रडू आलं आणि तिनं ते लपवलंही नाही.

मग डॉक्टरांची नजर लंगडणाऱ्या आबांकडे गेली. त्यांनी घोटा दाबून पाहिला. "आजोबा, चांगलाच मुरगळलाय. तीन आठवडे तुम्हालाही ब्रेस लागेल. बसा इथं."

"माले?" आबांनी टोपी उचलली. "मी... एसटी लागनी का, ते देखी येस."

ते दाराकडे सरकले. मागून नव्या बुटाचा टपटप आवाज आला आणि धोतराचा सोगा घट्ट धरला गेला.

"भ्याऊ नको आबा," सगळ्यांदेखत किरण म्हणाली, "घड उतरावर बी तुले कोणी तोडणार नही."